डोंगराखालचा जोड

टेबलाखाली शिरायला मामाला तीन टप्पे लागत. आधी टेबलाची कड धरून एक गुडघा टेकायचा, मग दुसरा, मग कुशीवर आडवं होऊन सतरंजीसकट आत सरकायचं. बाहेर निघायला मात्र पाच टप्पे लागत, आणि चौथ्यावर तो नेहमी अडकायचा. अर्धा आत अर्धा बाहेर अशा अवस्थेत जरा वेळ पडून राहायचा आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. गेले एकोणीस दिवस हेच चाललं होतं.

टेबलाच्या वर डॉक्टरांची आगगाडी होती. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. घराच्या वरच्या मजल्यावर त्यांनी पंधरा फुटी टेबल ठोकून घेतलं होतं आणि त्यावर रूळ, स्टेशन, झाडं, एक डोंगर आणि डोंगरात बोगदा उभा केला होता. डोंगरालाच चार महिने लागले होते. भुसा हिरवा रंगवून गवत केलेलं, तारेला लोकर गुंडाळून झुडपं केलेली. सगळं कसं हुबेहूब. फक्त गाडी तेवढी चालत नव्हती.

मामा कुणाचाही सख्खा मामा नव्हता. चाळीस वर्षं घरोघरी वायरिंग केलं, तिथल्या पोरासोरांनी मामा म्हटलं, मग पोरांच्या आईबापांनीही तेच धरलं. त्याच्या बायकोला मात्र कुणी मामी म्हणत नसे, आणि याचा तिला अजून राग होता. मामाचं काम गावात नावाजलेलं, ते भिंतीतल्या वायरिंगसाठी. भिंत कोरायची, पाइप घालायचा, वायर ओढायची आणि वरून असा गिलावा मारायचा की दुसऱ्या दिवशी घरमालकाने चारी भिंती चाचपत विचारावं, "वायर गेली कुठे?" एवढं एक वाक्य ऐकायला मिळालं की मामाचं पोट भरायचं. वायर दिसली तर तो वायरमन कसला, असं त्याचं म्हणणं.

पण हे काम वेगळं होतं. घरात बटण दाबलं की वीज येते, सोडलं की जाते. इथे रुळांत वीज सतत खेळती, आणि गाडीला द्यायचा हुकूमही त्याच विजेतून जायचा. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी चकती, आणि प्रत्येक चकतीला आपला नंबर पाठ. कंट्रोलरवर तीन नंबरला हाक मारली की तीनच नंबर हलणार, बाकीची इंजिनं तशीच त्याच रुळावर ढिम्म उभी. मामाने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तो म्हणाला होता, "डॉक्टर, घरी बायकोने हाक मारली की आम्हीही असेच. ज्याचं नाव घेतलं तोच हलतो."

गाडी स्टेशनवरून निघायची, बोगद्यात शिरायची, डोंगराच्या पोटातून गोल वळसा घालून परत त्याच मार्गाला लागायची. गोची होती ती या वळशात. दोन रुळांपैकी एक लाल वायरीचा, एक काळ्या वायरीचा. पण लाल रूळ वळसा घालून परत येतो तेव्हा तो नेमका काळ्याच्या जागी येऊन बसतो. लाल काळ्याला भिडला की झालं, शॉर्ट. म्हणून वळशाच्या दोन्ही टोकांना रूळ कापून बारीक फट ठेवायची, वळसा बाकीच्यापासून सुटा करायचा, आणि त्याला वीज द्यायची ती एका खास डबीतून. गाडी बाहेर पडायला आली की ही डबी डोळ्याचं पातं लवायच्या आत वळशातली वीज उलटी करते. लाल लालला मिळतो, काळा काळ्याला, आणि गाडीला कळतही नाही.

निदान माहितीपत्रकात तरी असं लिहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी मामा टेबलाखाली होता आणि डॉक्टर वर कंट्रोलर घेऊन उभे होते.

"निघाली हो मामा."

"निघू द्या."

"बोगद्यात शिरली. आत आहे. आत आहे. आता तोंड काढतेय—"

टिक. कंट्रोलरचा लाल दिवा लागला. स्टेशनातले सगळे दिवे विझले.

"बसली," डॉक्टर म्हणाले.

"ऐकलं," खालून मामा म्हणाला.

"जाताना एकदम झकास जाते. येताना उंबऱ्यावर बसते."

"माझंही तेच आहे, डॉक्टर. आत जाताना त्रास नाही. येताना बघा."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हात घालून इंजिन उचललं, स्टेशनावर नेऊन ठेवलं, आणि बटण बंद करून परत चालू केलं. सगळं पुन्हा सुरळीत. तीन आठवड्यांत त्यांनी ते इंजिन शंभर वेळा तरी असं उचललं असेल. गुरुवारी डबीच बिघडली असेल म्हणून दुसरी कोरी डबी आणून बसवली होती. तीही तिथेच टिक म्हणाली.

"मामा, नेमकं दुखतंय कुठे?" डॉक्टरांनी पेशंटला विचारावं तसं विचारलं.

"तोंड उघडेल तेव्हा सांगू," मामा म्हणाला, आणि बाहेर निघायच्या पहिल्या टप्प्याला लागला.

रविवारी अकरा वाजता डॉक्टरांच्या क्लबातली माणसं यायची होती. असलीच खुळं डोक्यात असलेल्या लोकांचा क्लब तो. त्यांच्याकडे एका हॉलमध्ये याच्या आठपट मोठी गाडी मांडलेली होती, आणि ती दोन वर्षं बंद पडली होती. डॉक्टरांनी क्लबच्या सेक्रेटरीला सांगून ठेवलं होतं, की माझ्याकडचं काम बघा, पटलं तर तुमचंही काम याच माणसाला द्या. दोन वर्षांचं काम होतं ते. आणि मामाला ते हवं होतं, कारण ते नाही मिळालं तर त्याच्यासाठी खुर्ची तयार होती.

खुर्ची जावयाच्या गोदामाच्या गेटवर होती. जावई तिथला मॅनेजर. माणूस चांगला, मामाच्या तोंडावर कधी उलट बोलला नाही. पण सोमवारपासून गेटवरची जागा रिकामी होणार होती, आणि लेकीच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी ती आली तेव्हा मामा पालथा पडून होता आणि बायको त्याच्या कमरेला मलम चोळत होती.

"आलीस? ये," बायको म्हणाली. "बघ तुझ्या बाबाची गाडी. यार्डात लागलीये."

"बाबा, किती दिवस हे?" लेक पलंगाच्या कडेला बसली. "सावलीत खुर्ची आहे. ट्रक आला की नंबर लिहायचा, ट्रक गेला की नंबर लिहायचा. पंखासुद्धा आहे."

"पंख्याचं वायरिंग कुणी केलंय?" उशीत तोंड खुपसून मामाने विचारलं.

"मला काय माहीत!"

"गेल्या वेळी बघितलं मी. वायर बाहेरून लोंबतेय. त्या पंख्याखाली मी बसणार नाही."

"हे बघ, असंच आहे यांचं," बायको म्हणाली. "कंबर मोडली तरी खोड मोडायची नाही."

लेक हसली नाही. "बाबा, मागच्या महिन्यात तुम्ही शिडीवरून घसरलात ते आईने मला सांगितलं नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं. मी भांडायला आले नाही. रविवारी ती गाडी चालली आणि क्लबवाल्यांनी काम दिलं, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही चालली तर सोमवारी सकाळी हे तुम्हाला न्यायला येतील. कबूल?"

उशीतूनच मामा म्हणाला, "कबूल." पालथ्या माणसाला वाद घालायला जमत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

शनिवारी डॉक्टर दुपारपर्यंत दवाखान्यात असत. किल्ली मामाकडे. तो जिना चढला, अर्ध्यावर थांबला, परत चढला. वरच्या खोलीत सगळं तसंच होतं. त्याने टेबलाखाली न जाता एक स्टूल ओढलं आणि त्या डोंगरासमोर नुसता बसून राहिला. अंगात उठायचं त्राण नव्हतं, हे खरं कारण. पण बसल्या बसल्या माणूस विचार करतो.

खालची वायर न वायर त्याने तपासली होती. वळशाच्या रुळांना आधी मुख्य लाइनीवरून दिलेल्या अकरा जोड्या त्याने स्वतः तोडल्या होत्या आणि डबीला जोडल्या होत्या. प्रत्येक जोडीला चिकटपट्टीवर नंबर. अकराच्या अकरा. मग वळसा सुटा असायलाच हवा. आणि सुटा आहे का नाही, हे बघायची सगळ्यात सोपी तऱ्हा त्याने अजून केलीच नव्हती. स्वतःच्या हातच्या कामावर कोण संशय घेतो?

त्याने कंट्रोलर चालू केला आणि इंजिन उचलून बोगद्याच्या तोंडातून वळशावर आत ढकललं. टॉर्च न लावताही इंजिनाच्या पुढच्या दिव्याचा उजेड बोगद्यात पडलेला दिसत होता. मग तो वाकला आणि डबीतून वळशाकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी उपटून काढल्या. आता वळसा मेला पाहिजे. दिवा विझला पाहिजे.

दिवा जळतच होता.

मामाने उपटलेल्या वायरींकडे बघितलं. परत दिव्याकडे बघितलं. मग तो हळूच स्टुलावर बसला, आणि त्याला आठवलं.

चार महिन्यांपूर्वीचा, कामाचा पहिला आठवडा. तेव्हा डोंगर नुसता सांगाडा होता, आणि वळशाची ही भानगड डॉक्टरांच्याही ध्यानात आलेली नव्हती. बोगद्याच्या तोंडाशी रुळाचा जो तुकडा होता, त्याच्या बरोबर खाली टेबलाची जाड आडवी पट्टी येत होती, त्यामुळे खालून भोक पाडून वायर आणता येईना. मग मामाने वरच्या वर तोड काढली. बाहेरच्या सांध्याच्या रुळांवरून एक जोड घेतला, लाकडात छिन्नीने वीतभर खाच कोरली, वायर त्यात बसवली, वर पुट्टी भरली आणि पॉलिश पेपर मारला. डॉक्टर संध्याकाळी आले, वाकून वाकून बघितलं आणि म्हणाले, "मामा, वायर गेली कुठे?"

झालं. एवढ्यावर मामा घरी गाणं गुणगुणत गेला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यावर डोंगराचा पायथा ओतला. आणि मामा ती वायर साफ विसरला. चाळीस वर्षांची सवयच तशी होती. भिंतीत गेलेली वायर भिंतीची झाली, तिची आठवण ठेवायची ती फक्त भिंतीने. घरात त्याने काही बिघडत नाही. इथे मात्र मुख्य लाइन त्या बुजवलेल्या जोडातून वळशात शिरत होती. आत जाताना दोन्हींचं जमत होतं. बाहेर पडताना डबी वीज उलटवायची, आणि हा जोड खालून म्हणायचा, मी नाही उलटत. टिक.

दोन कोऱ्या डब्या. तीन आठवडे. आणि चोर स्वतःच्याच खाचेत बसलेला.

जोडाची दोन्ही टोकं डोंगराखाली होती. बोगद्याच्या आत हात जात नव्हता. मामाने मनगट चेपून बघितलं, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तेवढं पोचलं. म्हणजे डोंगर फोडायचा. चार महिन्यांचा डोंगर, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी.

न फोडताही निभलं असतं. हे त्याच्या मनात आलं, आणि चांगलं ऐसपैस बसलं. डॉक्टरांना सांगायचं, ही डबीही फुकट गेली, हल्ली मालच तसला येतो. तिसरी मागवू. उद्या गाडी नुसती स्टेशनापासून बोगद्याच्या तोंडापर्यंत पुढे-मागे चालवा, पाहुण्यांना काय कळतंय? बोलायला दोन वाक्यं. डबी काही उठून भांडायला येणार नव्हती. असल्या थापा मारणारे वायरमन मामाने पुष्कळ पाहिले होते. त्यांची मोडलेली कामं निस्तरण्यात त्याची निम्मी हयात गेली होती. आणि तरीसुद्धा, खरं सांगायचं तर, दोनची वेळ होईपर्यंत तो ती दोन वाक्यं मनात घोळवत राहिला. शब्द चांगले जमत होते.

जिन्यावर डॉक्टरांची पावलं वाजली.

"काय मामा? सापडलं?"

"सापडलं."

"डबीच ना? मला वाटलंच होतं. हल्ली माल—"

"डबी नाही, डॉक्टर. मी." मामा स्टुलावरून उठला नाही. "तुम्ही विचारलं होतं ना, वायर गेली कुठे? ती इथे गेली." आणि त्याने डोंगराच्या पायथ्यावर बोट ठेवलं.

सगळं सांगायला पाच मिनिटं लागली. मग डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावून डोंगराकडे बघितलं.

"फोडायला लागेल?"

"या पांढऱ्या दगडापासून बोगद्याच्या तोंडापर्यंत. वीतभर."

"तीन आठवडे मी इंजिन उचलून ठेवतोय, मामा. माझा खांदा आखडलाय. पेशंटच्या तोंडात हात जाईना झालाय."

"माझी चूक आहे. बोला तुम्ही. मी ऐकतो."

"बोलून डोंगर फुटणार आहे का?"

मामाने पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली. ते पाहून डॉक्टर ओरडलेच. "ठेवा! खाली ठेवा ते! हे माझं काम आहे." ते तरातरा खालच्या दवाखान्यात गेले आणि वर आले ते दात कोरायचं यंत्र घेऊन. डोळ्यांवर भिंगाचा चष्मा, तोंडाला मास्क. स्टूल पुढे ओढून ते डोंगरासमोर बसले आणि सवयीने म्हणाले, "हलायचं नाही हं."

"मी की डोंगर?" मामाने विचारलं.

"दोघंही. उजेड धरा."

यंत्र सुरू झालं. तो आवाज ऐकून मामाच्या सगळ्या दाढा शिवशिवल्या. पांढरी पूड उडत होती आणि डॉक्टर नखाएवढं नखाएवढं प्लास्टर कोरत होते. मध्येच थांबून फुंकर मारत, परत वाकत. रागावले होते, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. पण हात कापत नव्हता. तासाभराने पुट्टी उघडी पडली, आणि पुट्टीखालून लाल वायरीचा काठ दिसला.

"केवढी आत बसवलीत हो," डॉक्टर पुटपुटले.

"काम पक्कं करायची खोड."

मामाने पक्कड आत घातली आणि लाल तोडली, मग काळी तोडली. दोन्ही तुकडे चिमटीत धरून ओढून काढले. जेमतेम वीतभर. बोगद्यातला दिवा विझला. मग त्याने खाली वाकून डबीच्या वायरी परत जोडल्या, डॉक्टरांनी इंजिन बाहेर आणून स्टेशनावर लावलं, आणि गाडी निघाली, बोगद्यात शिरली, आत राहिली, तोंड काढलं, बाहेर आली आणि सांध्यावरून खटखट करत स्टेशनाला लागली. डॉक्टरांनी ती आणखी सहा वेळा फिरवली. सातव्या वेळेला मामा स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत होता.

रविवारी अकराला पाचजण आले. क्लबचा सेक्रेटरी पेशाने चष्मेवाला, बारीक अंगाचा आणि बारीक नजरेचा. गाडी तीन फेऱ्या सुरळीत फिरली. सगळ्यांनी माना डोलावल्या. सेक्रेटरी मात्र गाडीकडे बघतच नव्हता. तो डोंगरापाशी उभा होता. भोक बुजवलेलं नव्हतं. प्लास्टर एका रात्रीत वाळलं नसतं.

"हे काय? दरड कोसळलीय?"

"हो, म्हणजे, तसा देखावा—" डॉक्टर सुरू झाले.

"देखावा नाही," मामा म्हणाला. तो दाराजवळच्या खुर्चीत बसला होता, कारण उभं राहवत नव्हतं. "माझा एक जोड आत राहिला होता. मीच घातला, मीच विसरलो. त्यापायी तीन आठवडे गाडी अडली आणि डॉक्टरांचा डोंगर फुटला."

डॉक्टरांनी छताकडे बघितलं. मामाला वाटलं, संपलं. उद्या ट्रकचे नंबर. वाटून वाईटही वाटलं नाही फारसं, इतका तो शिणला होता.

सेक्रेटरी येऊन त्याच्यासमोर उभा राहिला. "आमच्या टेबलाखाली आजवर सतराजणांनी काम केलंय," तो म्हणाला. "सतराजणांना विचारून झालं. चूक एकाचीही नाही. आणि गाडी दोन वर्षं बंद आहे."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तुम्ही कधी येताय?"

टेबलाखालचे पाच टप्पे मामाच्या डोळ्यांसमोरून गेले, तेही आठपट. "टेबल केवढ्या केवढ्या तुकड्यांचं आहे?"

"चार-चार फुटांचे. सुटे होतात."

"मग झाडं-घरं काढून एकेक तुकडा उभा करून द्या. भिंतीला टेकवून, माझ्यासमोर. उताणा पडून मी काम करणार नाही. आणि वायर सगळी उघडी राहणार. घाण दिसली तरी चालेल."

"उघडी?" डॉक्टरांनी विचारलं. "तुम्ही?"

"मी," मामा म्हणाला. ते एक अक्षर त्याला शनिवारच्यापेक्षा जड गेलं.

सेक्रेटरीने हात पुढे केला. मामाने तो धरला आणि तसाच धरून खुर्चीतून उठला. चष्मेवाला बिचारा पुढे ओढला गेला.

घरी बायको दारातच होती. "काय झालं? चालली?"

"चालली."

"आणि काम?"

"दिलं."

"मग लेकीला फोन करा. ती सकाळपासून तीनदा विचारतेय."

त्याने फोन करून सांगितलं. लेक म्हणाली, "ठीक आहे बाबा. शब्द म्हणजे शब्द. पण शिडी नाही."

"शिडी नाही," मामा म्हणाला.

"आणि तुमचा आवाज असा का येतोय? आनंद झाला नाही का?"

मामाने भिंतीला हात टेकला. दोन वर्षं म्हणजे तो सहासष्टाचा होणार होता. तेवढे दिवस त्याने मागून घेतले होते, आणि आता ते पुरे करायचे होते.

"झाला असेल गं," तो म्हणाला. "जरा पाठ टेकतो. मग बघतो."